मामाचा होकार

प्रिय एनेलेसीताई,

म्हणजे तुझं अजून तेच, की विटाही माझ्या आणि खड्डाही माझा. बरं, माझा. पण विटा कुणासाठी पाडून घेतल्या होत्या तेही सांग की लोकांना. मी काय जोहान्सबर्गहून रोज संध्याकाळी त्या घरात झोपायला येणार होतो? तीन खोल्या, वर पत्रा, पुढे ओटा, आईचे गुडघे धरतात म्हणून पायरी मुद्दाम बुटकी. सगळं तुमच्यासाठी. आणि तू नाफिरीकाकूच्या अंगणात बसून सांगतेस, "भावानं घराच्या नादात माझ्या दारात तळं खोदलं." मला इथं दोन दिवसांच्या वाटेवर बसून सगळं कळतं. आपल्याकडून येणारी प्रत्येक गाडी सुक्या माशांबरोबर चुगल्याही आणते. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून आता कागदावर भांडतोय. सालिमाला जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देतो, तो तुझ्याच हातात देईल. तू आठवीपर्यंत गेलीस, माझी पाचवी अर्धी. अक्षर बघून हसशील. हस. फेब्रुवारीपासून तू मला शिव्याच दिल्यास, हसली नाहीस.

तुझ्या तियामिकेला जाऊन अडीच महिने झाले आणि मला अजून सगळ्याची किळस येते. आधी विटांची माती काढलेल्या त्या खड्ड्याचीच सांगतो. मातीला आलो होतो तेव्हा एका सकाळी मी त्याच्या काठावर जाऊन बसलो. पिवळं पाणी, कोमट, एका कडेला तुम्ही घासलेल्या भांड्यांची राख. वाकून बघितलं तर पाण्याच्या अंगाला चिकटून आडव्या पडलेल्या डासांच्या बारीक आळ्या, दोऱ्याच्या तुकड्यांएवढ्या, शेकड्यांनी. मध्ये कणसाच्या सालीची एक होडी अडकली होती. ती कुणी सोडली होती हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. मला तिथंच ओकारी आली. तू मागून बघितलंस आणि म्हणालीस, "आता ओकून काय उपयोग?" त्यावर मी जे ओरडलो ते सगळ्या गावानं ऐकलं. की नऊ हजार विटा फुकट पडत नाहीत, की माती आभाळातून येत नाही. चार वर्षांच्या पोरीला पुरून आठवडा झाला नव्हता आणि मी विटांचा भाव सांगत होतो.

पण किळस त्या आळ्यांची कमी आणि आपली जास्त आली, ताई. आपण ताप आला की म्हणतो काय? "काही नाही, तापच आहे." सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य. नाफिरीकाकूनं बुधवारी तियामिकेच्या कपाळाला हात लावला आणि तेच म्हणाली ना? "अगं, ताप कुणाला नाही? उद्या उठून उड्या मारेल." पावसाळा आला की घरात कुणीतरी एक गोधडीत, हे आपण धरूनच चालतो. आपला काचाले गुरुजी आठवतो? बायकोचं फुलाफुलांचं लुगडं अंगाभोवती गुंडाळून टेबलावर डोकं ठेवून पडायचा, आणि पोरं आनंदानं ओरडायची, "आज गुरुजींची पाळी!" पुढच्या आठवड्यात निम्मा वर्ग घरी आणि गुरुजी एकटाच फळ्यासमोर. पाचवीच्या परीक्षेला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा हुडहुडी भरली. तिसऱ्यांदा बसायची लाज वाटली म्हणून शाळा सोडली. लोक म्हणाले बिझेकचं डोकंच कच्चं. मीही तेच धरून बसलो. आणि आईनं आपल्याआधी दोन पुरली, त्यांची नावंसुद्धा तिनं कधी घेतली नाहीत. एकदा मी विचारलं तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "ती तापात गेली," आणि पुढची काडी मोडली. जणू ती बाजारात गेली होती.

आणि गोळ्या. तीन दिवसांच्या गोळ्या दीड दिवस घ्यायच्या, जरा बरं वाटलं की उरलेल्या पिठाच्या मडक्यामागं खोचायच्या, पुढच्या आजाऱ्यासाठी. हे शहाणपण आपल्या घरात आईनं सुरू केलं नाही, लेव्हिसोनमामांनी केलं. "सगळ्या आजच गिळाल तर उद्या काय माझी टोपी गिळाल?" तियामिकेला बुधवारी तू त्याच उरलेल्या दिल्यास. मी तुला दोष देत नाही. तुझ्या जागी मीही मडक्यामागंच हात घातला असता.

आता इकडची बातमी. मी मार्चात परतलो आणि दोन आठवड्यांनी मलाच ताप भरला. एका बंगल्याला गिलावा करत होतो, थापी हातातून पडली. मुकादम म्हणाला, "काल प्यायलास?" मी म्हणालो, "नाही, गावाला जाऊन आलो." ग्रेशमला तर तू ओळखतेस, माझ्या खोलीवरचा, दोन नाकांएवढं एक नाक असलेला. त्यानं मला पाठुंगळीवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. दारावर आधी माझे कागद मागितले. परदेशी म्हणून एक बाई म्हणाली, "तुमच्या देशात दवाखाने नाहीत का रे?" ग्रेशम म्हणाला, "आहेत बाई, फक्त त्यांच्यापर्यंत पोचलो की आम्ही मेलेलो असतो." मग रक्त तपासलं, आणि तमाशा सुरू झाला. एक डॉक्टर आला, त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं शिकाऊ पोरापोरींचं टोळकं आणलं. "या, या, बघून घ्या, खरा मलेरिया आहे! या शहरात रोज दिसत नाही." ताई, माझ्याकडे ते असे बघत होते, जसं आपण किनाऱ्याला लागलेल्या पाणघोड्याकडे बघतो. एका पोरीनं वही काढून विचारलं, "तुमच्याकडे हा किती जणांना होतो?" मी म्हणालो, "कुणाला होत नाही ते विचारा, लिहायला कमी लागेल." सगळे हसले. मीही हसलो. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "डासानं माणूस मरतो होय? आमच्याकडे तर डास नुसता झोप मोडतो."

तेव्हा मी स्वतःकडे बघितलं. हाताला सलाईन, अंगाखाली पांढरी चादर, नर्स दर चार तासांनी ताप बघायला. मी चोवीस वर्षांचा रेड्यासारखा माणूस, माझ्याभोवती सहा डॉक्टर. तियामिकेभोवती कोण होतं? तू, आई, नाफिरीकाकू आणि एक सायकल. तीही भिंतीला टेकवलेली.

त्या सायकलीवरून मी दाजींना काय काय बोललो ते तू ऐकलंच आहेस. सगळ्यांसमोर बोललो, की वायसनदाजी मासे विकायला वीस मैल सायकल मारतात आणि पोटच्या पोरीला अकरा मैलांवरच्या दवाखान्यात न्यायला त्यांचे पाय लुळे पडले. ते खाली मान घालून बसले होते. खरं तर त्या शुक्रवारी सकाळी पोरीला झटका आला, डोळे फिरले. दाजींनी लगेच सायकल काढली, मागच्या कॅरिअरला तुझं कापड बांधलं, उशी बांधली. सगळं तयार. आणि मग आईनं विचारलं, "मामाला विचारलं का?" दाजी थांबले.

ते थांबणारच. आपल्याकडे पोरं बापाची नाहीत, आईच्या गोताची. बाप म्हणजे सासुरवाडीत राहायला आलेला पाहुणा. पोराला गावाबाहेर हलवायचं तर मामाचा होकार लागतो. होकाराशिवाय नेलं आणि वाटेत काही झालं तर लोक काय म्हणतात ते दाजींनी बघितलंय. त्यांच्या चुलतभावाला याच गोष्टीवरून "पोर खाल्लेला जावई" म्हणून गावातून हाकललं. आणि आपल्या गोताचा मामा कोण, तर मी. लेव्हिसोनमामा गेले तेव्हा आपल्या रक्तातला दुसरा पुरुष उरला नव्हता. आठवतं, त्यांचा तो तपकिरी कोट माझ्या खांद्यावर घातला? बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, खिशात त्यांची तपकिरीची डबी तशीच होती. म्हातारे म्हणाले, "आजपासून या बायकापोरांचा धनी तू." मी बावीस वर्षांचा, मिशी नीट फुटलेली नाही. तू तोंडावर हात धरून हसत होतीस आणि मी तुला डोळा मारला. आपल्या दोघांनाही ते सोंग वाटलं होतं. कोट गुंडाळून पेटीत टाकला आणि आठव्या दिवशी मी गाडीत बसलो. कोट नेला नाही पण अधिकार माझ्याबरोबर आला. गोतातलं कुठलंही पोर आजारी पडलं की आता होकार दोन देश ओलांडून आणायचा.

मान मात्र मी सगळा घेतला, ताई. नाताळात आलो तेव्हा कोंबडीची मांडी मला, खुर्ची मला. सरकारनं दिलेली नवी मच्छरदाणी तियामिके आणि धाकट्या योसेफेच्या चटईवरून काढून तू माझ्या अंथरुणावर टांगलीस. म्हणालीस, "मामा उघड्यावर झोपला तर गाव नावं ठेवील." जुनीवर तर दाजी मासे वाळवतात. मी नको म्हणालो नाही. तियामिके जाळीत डोकं घालून म्हणाली, "मामा, तू मासा झालास." मी सोळा दिवस त्या जाळीत घोरलो.

तर त्या शुक्रवारी दाजी दुकानावर गेले आणि दुकानदाराच्या फोनवरून मला लावत बसले. साडेअकरापासून. तिकडे आई म्हणतेय थांबा, काकू म्हणतेय थांबा, तू पोरीला मांडीवर घेऊन थांबलेलीस. तीन वाजता तूच उठलीस आणि म्हणालीस, "मला कुणाचा होकार नको," आणि सायकलीवर बसलीस. पुलापर्यंत पोचलात. दवाखाना पुलाच्या पुढं चार मैल. दाजी म्हणे वळून बघायला तयार नव्हते, तू "थांबा" म्हणालीस तरी ते पायडल मारतच राहिले. हे मला तू नाही सांगितलंस, गाडीवाल्यानं सांगितलं.

मी पोचलो तेव्हा म्हातारे आंब्याखाली बसले आणि त्यांनी मला विचारलं, "तुझा फोन का लागला नाही?" मी म्हणालो, "नेटवर्क नव्हतं." सगळ्यांनी जिभा टाळूला लावून चुकचुक केलं. आणि दाजी, ज्यांना मी अर्ध्या तासापूर्वी लुळे म्हणालो होतो, ते मान वर न करता म्हणाले, "हो, त्या दिवशी लाइनच खराब होती." तू मात्र माझ्याकडे बघत राहिलीस. तेव्हापासून तू माझ्याशी धड बोलत नाहीस. तुला वाटतं मला कारण ठाऊक नाही. खड्ड्याचं भांडण आपण दोघांनी मिळून पुढं केलंय, ताई, कारण त्याच्या मागचं कुणालाच बोलायचं नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी मी बांधकामाच्या परांचीवर उभा होतो आणि फोन वाजला. पहिल्याच घंटीला उचलला. दाजी. दमलेले, हळू आवाजात. "मामा, योसेफेचं अंग गरम लागतंय. न्यायचं का?" ताई, मी वरून पडायचा राहिलो. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा माणूस, पोराचा बाप, एक पोर गमावलेला, मला मामा म्हणून विचारतोय, न्यायचं का! मी इतक्या जोरात "न्या!" म्हणून ओरडलो की खालचे मजूर पळाले. ग्रेशम म्हणाला, "काय रे, कुणाचं लग्न?" संध्याकाळी कळलं की बोटाला टोचून पट्टीवर बघितलं, मलेरियाच निघाला, पण वेळेवर नेल्यानं गोळ्यांवर भागलं, पोरगं भाकरीचा लगदा मागून खातंय. सगळे खूश. मला मात्र त्या "न्यायचं का"नं अन्न गोड लागेना. तियामिकेच्या मरणानं आपल्यात काहीच बदललं नाही. पुन्हा तीच भिंत, तीच सायकल, तोच फोन. फक्त या वेळी मी उचलला.

म्हणून हे लिहितोय. नेटवर्क होतं, ताई. त्या शुक्रवारी पगार झाला होता आणि मी लोखंडाच्या दुकानात उभा होतो, आपल्या घराच्या पत्र्यांचा शेवटचा हप्ता भरायला. फोन वाजला, गावाकडचा अनोळखी नंबर. मी वाजू दिला. ग्रेशम म्हणाला, "घे की." मी म्हणालो, "कुणाचा तरी ताप असेल. पगाराच्या दिवशी आमच्या गावाला बरोबर ताप चढतो." आम्ही दोघं हसलो, दुकानदारही हसला. दुसऱ्यांदा आला, मी कापला. तिसऱ्यांदा कापला. चौथ्यांदा फोनच बंद केला आणि पत्रे मोजून घेतले. साडेअकरा ते तीन. तेवढ्या वेळात दाजी दवाखान्यात जाऊन परत आले असते. कापलेला फोन कसा वाजतो ते पलीकडच्याला कळतं, दाजींना तेव्हाच कळलं होतं, तरी त्यांनी सगळ्यांसमोर माझी अब्रू झाकली, तीही मी त्यांना लुळे म्हटल्यावर. मला कशाची किळस येते म्हणून विचारशील तर हेच. "तापच आहे" हे वाक्य नाफिरीकाकूचं नव्हतं, माझंच होतं. तर आता गोताचा धनी म्हणून माझा पहिला आणि शेवटचा हुकूम, हा कागद म्हाताऱ्यांसमोर मोठ्यानं वाच, वरची नेटवर्कची थापही वाच, गाळू नकोस: यापुढे आपल्या घरातलं कुठलंही पोर तापलं तर कुणालाही न विचारता त्याच घटकेला न्यायचं, तू ने नाहीतर दाजींनी न्यावं, आणि दाजींना कुणी एक शब्द बोललं तर तो मला बोलल्यासारखा. माझा होकार आजच घ्या, जन्मभराचा. कोट दाजींना दे. योसेफेची लस चुकवू नकोस, जाळी त्याच्यावर टांग, पाहुणा राजा असला तरी. मडक्यामागच्या गोळ्या संडासात टाक. विटा विकू नकोस, ज्या खड्ड्यातून निघाल्या त्यातच भर, वर माती ओढ आणि मका लाव. पत्रे मी परत केले, दुकानदारानं दहावा हिस्सा कापून घेतला, माझ्या भाषेवर हसलाही. घर पुन्हा कधीतरी, दुसऱ्या कुणाच्या तरी मातीचं. उत्तर लिहू नकोस, पण फोन वाजला तर एकदा उचल, बोलू नकोस, नुसता धर.

तुझाच, त्या कोटातून तुला डोळा मारणारा, धनी नसलेला,
बिझेक

ता. क. सोबतचे, पत्र्यांचे परत आलेले पैसे दाजींच्या हातात दे, आईच्या नको, सायकलीच्या मागं पोराला नीट बसवायची खुर्ची आधी, खड्डा भरायची मजुरी नंतर: ३,२४० रँड.